मडगार्डचं रबर आणि लान्स नायक खोत

पुराच्या मदतीसाठी आमचा कॉलम, म्हणजे सैन्याची मदत-तुकडी, परभणी जिल्ह्यात आला तेव्हा मी नायक होतो. नोकरी अकरा वर्षांची झाली होती. काम डीआरचं, म्हणजे डिस्पॅच रायडरचं. जिथे फोन चालत नाही आणि रेडिओवर भरवसा ठेवता येत नाही, तिथे मोटारसायकलवरून निरोप, नकाशे, बॅटऱ्या आणि औषधं पोचवायची. पालम तालुक्यातल्या एका शाळेत कॉलमचं मुख्यालय होतं. आम्ही सकाळी 0640 वाजता पोचलो. चार ट्रक, दोन बोटी, चार मोटारसायकली. मी याच जिल्ह्यातला, मानवतकडचा. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ड्यूटीवर माझ्या भाषेतल्या पाट्या वाचत होतो.

या कॉलममधला माझा जोडीदार, लान्स नायक सुहास खोत, नवव्या दिवशी आरवाडीच्या पुलावरून वाहून गेला. त्याच्या मृत्यूच्या चौकशीच्या कागदांत इंग्रजीत एक वाक्य आहे. मराठीत त्याचा अर्थ असा: मृत चालकाने पुढील वाहनापासून सुरक्षित अंतर राखले नाही.

हे वाक्य खोटं आहे. पुढचं वाहन माझं होतं. आणि माझ्या जबानीच्या प्रत्येक पानाखाली माझी सही आहे.

माझे वडील गावात जयंतीची आणि मोर्च्यांची पत्रकं लिहायचे. अक्षरओळख मला त्या पत्रकांवरून झाली. ते सांगायचे, एका पत्रकात एकच मागणी असावी, म्हणजे समोरच्याला दुसऱ्या मागणीमागे लपता येत नाही. मीही एकच मागतो. ते वाक्य खोडा. का खोडायचं, ते वेळेनुसार सांगतो.

आमचा दिवस 0430 ला सुरू व्हायचा. चहा, गाड्यांची तपासणी, 0530 ला ब्रीफिंग, 0600 ला पहिली फेरी. डीआर नेहमी जोडीने जातात. पुढे मी, मागे खोत. खोत कोल्हापूरकडचा. नोकरीत माझ्यापेक्षा चार वर्षं लहान, अंगाने दीडपट. माझ्या बोलण्याची नक्कल करणं हा त्याचा करमणुकीचा कार्यक्रम होता.

"काय करायलाय, वाव्हळे साहेब?" तो माझाच हेल काढून विचारायचा.

"तुझी वाट बघायलोय. कधी उठतोस ते."

"आयला, काय भाषा हाय लेका तुमची. निम्मं बोलताय, निम्मं गिळताय."

"आमी गिळतो. तुमी पांढरा रस्सा गिळता. चल, किक मार."

दुसऱ्या दिवसापासून आम्हाला चिखलाचा त्रास सुरू झाला. इथली माती काळी आणि चिकट आहे. पुराने ती शेतांतून उचलून डांबरी रस्त्यावर आणून पसरली होती. वर बोटभर पाणी, खाली गिलावा. आमच्या मोटारसायकलींचं मागचं मडगार्ड आखूड होतं. मागच्या चाकाने उडवलेला चिखल तिथे अडायचा नाही, सरळ वर जायचा आणि मागून येणाऱ्याच्या अंगावर पडायचा. हेल्मेटच्या काचेवर तो नुसता पडत नाही, चिकटतो. हाताने पुसला तर सारखा पसरतो आणि काच सारवल्यासारखी होते. वाळूच्या आणि मुरमाच्या मुलखात गाड्या चालवलेल्या माणसाला हे सांगून पटत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी 1315 ला परतलो तेव्हा खोत ओळखू येत नव्हता. शाळेच्या फाट्यावर गफूरचाचांचं पंक्चरचं दुकान होतं. हवा भरण्याच्या मशीनला टेकून बसलेले चाचा त्याच्याकडे बघत राहिले.

"साब, तुमी पोहून आलाव का गाडीवरून?"

"गाडीवरनंच आलोय चाचा," खोत म्हणाला. "ह्यो पुढं असतोय न्हवं, ह्येचा प्रसाद."

चाचा उठले. त्यांनी आमच्या दोन्ही गाड्यांच्या मागे बसून मडगार्डखाली हात घातला.

"ह्याला रबर कुठंय?"

मी म्हणालो, "कंपनीकडूनच नाही."

"आमच्या दूधवाल्याच्या गाडीला हाय, आन् सरकारच्या गाडीला न्हाई?" चाचांना खरोखर आश्चर्य वाटलं होतं. "हे पाणी न्हाई साब, डिंक हाय. रबराबिगर ह्या रस्त्याला कुणी गाडी काढत न्हाई."

ते खरं होतं. फाट्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या मागे मडगार्डखाली रबर लोंबत होतं. कुणाचं विकतचं, कुणाचं ट्यूब कापून केलेलं.

खोतने ट्यूबच मागितली. चाचांनी मान हलवली. "ट्यूब लय नरम पडतंय. वाऱ्यानं आत जातंय, चाकात गुततंय. थांबा." दुकानामागून त्यांनी कापसाच्या जिनिंगमधल्या जुन्या पट्ट्याचा तुकडा आणला. सेलूच्या जिनिंगमधून बाद झालेले पट्टे इकडे सगळीकडे फिरतात. आत कापडाचे थर असलेलं जाड रबर. वाकतं, पण फडफडत नाही.

ते बसवायची पद्धत चाचांनी दाखवली ती अशी. वर मडगार्डाएवढं, खाली चाकापेक्षा दोन बोटं रुंद असं फावड्यासारखं कापायचं. तापलेल्या सळईने दोन भोकं पाडायची. बोल्टचं डोकं चाकाच्या बाजूला, नट बाहेर, कारण उलटं केलं तर बोल्टचं टोक टायर कापतं. बाहेरून लोखंडी पट्टी लावायची, नाहीतर रबर भोकातूनच फाटतं. आणि सगळं आवळल्यावर सीटवर दोन माणसं बसवून बघायचं. गाडी दबल्यावरही रबर जमिनीपासून वीतभर वर राहिलं पाहिजे. त्याखाली गेलं तर चिखलच ते ओढून नेतो.

एका गाडीला वीस मिनिटं लागली. संध्याकाळपर्यंत चारही गाड्या तयार झाल्या. चौथ्या दिवशी आरवाडीहून परतल्यावर खोतने हेल्मेट काढलं, तेव्हा त्याची काच स्वच्छ होती. तो चाचांच्या दुकानासमोर थांबला आणि त्यांना कडक सॅल्यूट केला. चाचांनी हातातल्या पान्यानेच सॅल्यूट परत केला.

पुढचे चार दिवस एकही अडचण आली नाही. हे मी चौकशीत सांगितलं होतं. कागदात ते नाही.

आठव्या दिवशी संध्याकाळी कळलं की दुसऱ्या दिवशी सकाळी वरिष्ठांची व्हिजिट आहे. ज्यांनी सैन्य आतून पाहिलं नाही त्यांना व्हिजिट म्हणजे काय हे सांगावं लागेल. व्हिजिट म्हणजे जमिनीवर चुन्याच्या रेघा. दगडांना गेरू. बादल्या एका ओळीत, त्यांचे कान एका दिशेला. पुरात घरदार गेलेली माणसं शाळेच्या व्हरांड्यात बसली होती आणि आम्ही त्यांच्यासमोर टायर काळे करत होतो. त्या टायरवर लावलेल्या काळ्या पॉलिशचा वास अजून माझ्या नाकात आहे.

नवव्या दिवशी 0610 वाजता आमचे सुभेदार साहेब गाड्यांच्या ओळीपाशी आले. काटेकोर माणूस. सव्वीस वर्षांची नोकरी, एकही डाग नाही. त्यांनी काठीचं टोक माझ्या गाडीच्या रबराला लावलं.

"वाव्हळे, ये क्या लटका रखा है?"

"फ्लॅप है, साहब. कीचड़ के लिए."

"अथॉराइज्ड है?"

"नहीं, साहब. पर यहाँ की मिट्टी..."

"मिट्टी विज़िट के बाद. उतारो सब. गाड़ी जैसी डिपो से आई, वैसी दिखनी चाहिए."

मी सावधान उभा होतो. खोत माझ्या शेजारी होता. तो म्हणाला, "साहब, व्हिजिट के बाद वापस लगा दें?"

"बोला ना, बाद में देखेंगे."

आम्ही पाने घेतले आणि रबरं काढली. 0645 ला काम संपलं. चारही रबरं स्टोअरमध्ये जमा करून घेतली गेली.

व्हिजिट 1120 ला आली आणि 1205 ला गेली. वरिष्ठ साहेब गाडीतून उतरले, नकाशासमोर उभे राहिले, चहा घेतला, लोकांशी दोन मिनिटं बोलले, फोटो झाले. मोटारसायकली शाळेच्या मागे होत्या. तिकडे कुणी आलंच नाही. एकाही डोळ्याने त्या गाड्या पाहिल्या नाहीत. ज्यासाठी रबरं काढली ती नजर त्या गाड्यांवर पडलीच नाही, हे मी पुन्हा लिहितो, कारण मला ते अजून पचलेलं नाही.

1230 ला मी सुभेदार साहेबांकडे गेलो आणि फ्लॅप परत बसवायची परवानगी मागितली. व्हिजिटचा रिपोर्ट चालू होता. "कल सुबह," ते म्हणाले. 1400 ला पुन्हा गेलो. "एक बार में समझ में नहीं आता?" मी परत फिरलो. स्टोअरचं कुलूप उघडं होतं. वीस मिनिटांचं काम होतं. न विचारता करायला हवं होतं. मी शिस्तीचा माणूस होतो. ते मी केलं नाही.

1505 वाजता रेडिओवर आरवाडीच्या डिटॅचमेंटचा, म्हणजे तिथल्या आमच्या तुकडीचा, आवाज आला. दोन्ही बोटी तिथे होत्या, नदीपलीकडच्या वस्तीतून माणसं काढत होत्या.

"चार्ली फॉर अल्फा. बॅटरी लो. आय से अगेन, बॅटरी लो. ओव्हर."

"अल्फा फॉर चार्ली. वेट. ओव्हर."

त्यानंतर आरवाडीकडून काही आलं नाही. 1512 ला तहसीलचा माणूस धावत आला. वरच्या धरणातून पाणी वाढवणार होते. 1700 च्या आत बोटी पाण्याबाहेर हव्या होत्या, नाहीतर बोटी आणि बोटींतली माणसं, काहीच हाताला लागलं नसतं. फोन बंद. सेट मुका. आरवाडी चौदा किलोमीटर.

सुभेदार साहेबांनी आदेश दिला. लेखी निरोप माझ्याकडे, दोन बॅटऱ्या खोतकडे. शेवटचे चार किलोमीटर रस्ता पाण्याखाली होता. पाण्याखाली रस्ता कुठून जातो ते मला, इथल्या माणसाला, कडेच्या झाडांवरून ओळखता यायचं, खोतला नाही. म्हणून ते म्हणाले, "वाव्हळे आगे. खोत, तू इसके पीछे. दस कदम. इससे ज़्यादा दूर हुआ तो लाइन छूट जाएगी."

"दस कदम, साहब," खोतने आदेश परत म्हणून दाखवला. तशी पद्धतच आहे. आदेश ऐकणारा तो उलट म्हणून दाखवतो, म्हणजे चूक राहत नाही.

दहा पावलं. मी ऐकलं. खोतने उच्चारलं. तिथे उभ्या असलेल्या आणखी तिघांनी ऐकलं.

1521 ला निघालो. निघताना खोतने माझ्या मडगार्डाकडे बोट दाखवलं. "वाव्हळे साहेब, आज माझी आंघोळ हाय बघा."

"काच वर ठेव जरा."

"मग डोळ्यात जातंय की. चला, बोटी र्‍हातील."

पहिले दहा किलोमीटर पंचवीस मिनिटांत झाले. दोनदा थांबून त्याने काच धुतली. पाण्याची बाटली संपली. पुढे पाण्याखालचा रस्ता सुरू झाला. घोट्याएवढं पाणी, त्याखाली गिलावा. कडेची बाभळीची झाडं बघून मी मध्य पकडत होतो. माझ्या चाकाची रेघ पाण्यात तीन-चार सेकंद दिसायची आणि मिटायची. मागच्याला त्या सेकंदांतच तिच्यावर यावं लागत होतं. त्याने मागे राहायचं ठरवलं असतं, तरी रेघ हरवून रस्त्याखाली गेला असता.

आरवाडीच्या अलीकडे नळ्यांचा बुटका पूल आहे. कठडे नाहीत. त्याचा माथा अजून पाण्याच्या वर होता, त्यावर नुसता गिलावा. 1607 ला मी त्यावर चढलो. वेग ताशी वीस. माझा आरसा चिखलाने भरला होता. मागे बघून उपयोग नव्हता. पूल पार करून पन्नास पावलं गेल्यावर मला फक्त माझ्याच इंजिनचा आवाज येतोय हे लक्षात आलं.

मी गाडी टाकली आणि पळत मागे आलो. पुलावर कुणी नव्हतं. डाव्या कडेला एक रेघ होती, सरळ पाण्यात गेलेली. खाली पाणी भोवरे करत होतं. मी हाका मारल्या. पाण्यात उतरलो, छातीपर्यंत गेलो, आणि पाय सुटायला लागले तेव्हा कडेची वेल धरून बाहेर आलो. मला त्याचा एक हातमोजा सापडला, पुलाच्या कडेवर. डाव्या हाताचा. तळव्याची बाजू चिखलाने माखली होती. त्याने काच पुसली होती, निघेना म्हणून मोजा काढला होता, बोटांनी पुसायला. एका हाताने गाडी, कठडा नसलेला पूल. मला तरी त्याचा दुसरा अर्थ लागत नाही.

1616 वाजता मला ठरवावं लागलं. माझ्या खिशात निरोप होता. मी गाडी उचलली आणि आरवाडीकडे गेलो. 1631 ला निरोप दिला. 1650 ला दुसरी बोट काठाला लागली, सगळी माणसं उतरली. पाणी 1705 ला वाढलं. निरोप घेणाऱ्या हवालदाराने विचारलं, "खोत कुठे?" मी सांगितलं. मग आम्ही सगळे पुलाकडे पळालो, पण तोवर पूल दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरवाडीच्या भोई मंडळींनी त्याला तीन किलोमीटर खाली शोधून काढलं. बॅटऱ्यांची पिशवी पाठीला तशीच बांधलेली होती. त्यांच्यातला एक म्हातारा मला म्हणाला, "लेकरानं वझं सोडलं न्हाई. सोडलं असतं तर वर आलं असतं."

चौकशी तीन आठवड्यांनी झाली, आमच्या मूळ ठिकाणी. एक अध्यक्ष, दोन सदस्य. मी सगळं सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, वेग किती? वीस. अंतर किती? दहा पावलं, आदेशाप्रमाणे. स्थायी आदेशात किती आहे? तीस मीटर. मग तीस मीटर होतं का? नव्हतं, साहेब, कारण आदेश...

"जितना पूछा उतना बताओ."

मी फ्लॅपविषयी सांगितलं. ते म्हणाले, तो अधिकृत भाग नाही. जी वस्तू गाडीवर असायलाच नको, ती नसल्यामुळे काही झालं असं लिहिता येत नाही. या वाक्यात तर्क आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं. माणूस मेला आणि अधिकृत भागांची यादी शाबूत राहिली.

टाइप झालेली जबानी समोर आली. त्यात दहा पावलं होती, आदेश नव्हता. तीस मीटर होतं, पाण्याखालचा रस्ता नव्हता. व्हिजिट नव्हती. रबर हा शब्दच नव्हता. मी म्हणालो, हे अपुरं आहे. मला बाहेर बोलावून एकाने समजावलं. आता वाद घातलास तर फाइल अडकेल, खोतच्या घरच्यांना वर्षानुवर्षं फेऱ्या माराव्या लागतील. त्याच्या आईवडिलांचा विचार कर.

मी त्यांचा विचार केला आणि सही केली.

याबद्दल मला कुणी दोष दिला नाही. म्हणून मी देतो. मला भीती वाटली नव्हती. मला ते चांगुलपणाचं काम वाटलं होतं. खोट्यावर सही घ्यायची असेल तर माणसाच्या चांगुलपणालाच हात घालायचा, हे त्यांना माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी सुट्टीत मी खोतच्या गावी गेलो. त्याचे वडील, आबा, एसटीत चालक होते. तीस वर्षं घाटरस्त्यांवर गाडी चालवून निवृत्त झालेले. एकही अपघात नाही. आईने चहा ठेवला आणि आत गेली ती बाहेर आली नाही. आबांनी कपाटातून एक कागद काढला. चौकशीच्या निष्कर्षाची प्रत त्यांना पोचली होती. शेजारच्या मास्तरांकडून त्यांनी तिचं मराठी करून घेतलं होतं.

"वाव्हळे, बाळा, एक विचारतो. खरं सांगायचं."

"विचारा, आबा."

"सुहासला गाडी मी शिकवली. सायकल मी शिकवली. पयल्यांदा काय शिकवलं असंल, तर अंतर. म्होरच्याच्या बुडाला चिकटायचं न्हाई." त्यांचं बोट त्या ओळीवर होतं. "पोरगं माझं शिकवणं इसरलं काय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. रबर, व्हिजिट, दहा पावलं, माझी सही.  शेवटी ते एवढंच म्हणाले, "तू सही केलीस व्हय?"

"केली, आबा."

"मग आता खोडायला बी तूच पायजेस."

मी नोकरीत असताना दोन अर्ज केले. दोन्हींवर एकच उत्तर: प्रकरण बंद आहे. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर नोकरी सोडली आणि मानवतला आलो. सुभेदार साहेबही तोवर निवृत्त झाले होते. त्यांना फोन केला.  ते म्हणाले, "लड़का बहुत अच्छा था. कदम मैंने ही बोले थे, दस." मी म्हणालो, साहेब, एवढंच लिहून द्या. "लिख के नहीं दूँगा, वाव्हळे. पेंशन में चैन से बैठा हूँ." आणि फोन ठेवला. त्यांच्यावर माझा राग आहे. आदेश चुकला म्हणून नाही, आदेश कुणाचाही चुकतो. चुकलेला आदेश मेलेल्याच्या नावावर चढवला आणि त्यावर चैनीत बसले, म्हणून आहे.

मी शपथपत्र तयार केलं. माझी पहिली जबानी अपुरी आहे, कशी अपुरी आहे, सही कशी घेतली, सगळं. आबांना वाचून दाखवायला फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्यावर इस्वास हाय. पर मी डायव्हर माणूस. बघितल्याबिगर सही करत न्हाई. पाऊस लागला की येतो."

जुलैच्या शेवटी ते आले. कोल्हापूरहून रात्रभर एसटीने, मग पालमपर्यंत दुसऱ्या एसटीने. वय सहासष्ट. दोन दिवस पाऊस लागून राहिला होता. पूर नव्हता, पण आरवाडीच्या रस्त्यावर शेतांतली माती उतरली होती. तोच गिलावा, वर बोटभर पाणी. खोतसारखं माझ्या मागून यायला आबांनी गफूरचाचांची मोटारसायकल मागितली आणि तोंड पूर्ण झाकणारं हेल्मेट.

"आबा, तुमी मागं कशाला? मी दाखवतो की," चाचा म्हणाले.

"तुमी फकस्त त्येच्या गाडीचं रबर काढा."

माझ्या गाडीचं रबर चाचांनीच बसवलं होतं. त्यांनी पाना घेतला, पण हात पुढे जाईना. शेवटी मीच काढलं. पुलाच्या बराच अलीकडे, सपाट रस्त्यावर, चाचांनी दहा पावलं मोजून आबांची गाडी उभी केली. मी आबांना सांगितलं, दिसेनासं झालं की लगेच थांबायचं, हट्ट करायचा नाही.

"तीस वर्सं माणसं न्हेली मी. मला थांबायला शिकवू नगंस."

मी वीसच्या वेगाने निघालो. आरसा पुसून ठेवला होता. आबा बरोबर मागे होते, रेषेवर, अंतर न सोडता. किती अचूक चालवत होते ते. विजेच्या चौथ्या खांबापाशी त्यांनी गाडी थांबवली. मीही थांबून मागे आलो. चाचा पळत आले आणि दोन गाड्या थांबल्या तिथलं अंतर पावलांनी मोजू लागले, पण आबांनी त्यांना हाताने थांबवलं.

हेल्मेटची काच पूर्ण काळी होती. त्यांनी ती वर केली नाही. आतूनच बोलले.

"वाव्हळे, तू कुठं हाईस?"

"तुमच्या समोर, आबा. हात लागेल इतका."

"मला दिसत न्हाईस." त्यांनी डाव्या हाताने काच पुसायला सुरुवात केली. चिखल पसरला. पुन्हा पुसली. मग मोजा काढला आणि बोटांनी पुसू लागले. मी आणि चाचा तो डावा हात बघत होतो. आबांच्या ते लक्षात आलं की नाही मला माहीत नाही. त्यांचा हात काचेवर थांबला आणि तिथेच राहिला. पाऊस चालू होता. 

मग त्यांनी हेल्मेट काढलं. चेहरा कोरडा होता. म्हणाले, "तिसऱ्या खांबापासनं मी आंधळा हुतो. तरी तुझी रेघ सोडली न्हाई. पोरगं तर किती लांब आलं हुतं असं." मग म्हणाले, "अंतर बरोबर हुतं त्येचं. कागद आण."

चाचांच्या दुकानात, पंक्चरच्या पाण्याच्या टाकीवर फळी टाकून, त्यांनी माझ्या शपथपत्रासोबत स्वतःचं निवेदन लिहिलं. बिल्ला नंबर, नोकरीची वर्षं, आज काय पाहिलं. साक्षीदार म्हणून गफूरचाचांनी उर्दूत सही केली. दोन्ही कागद मी पाठवले आहेत. पोच आली आहे. उत्तर नाही. उत्तर येईपर्यंत मी दर महिन्याला पाठवणार आहे.

तोवर त्यांच्या कागदावर काय आहे ते असू दे. आमच्याकडची नोंद ही:

लान्स नायक सुहास खोत, डिस्पॅच रायडर. आरवाडीच्या पुलावर, दुपारी 1607 वाजता, ड्यूटीवर. वेग ताशी वीस. पाठीवर दोन बॅटऱ्या, सोडल्या नाहीत. पुढच्या वाहनापासून अंतर दहा पावलं, आदेशाप्रमाणे.